तन्मणीतून काढलेला लाल खडा फिका का पडला?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हाला समजेल. आजीच्या तन्मणीच्या खोडात, म्हणजे मोत्यांच्या सरांना लावलेल्या पदकात, मधोमध एक मोठा लाल खडा होता. घरात सगळे त्याला ‘डाळिंबाचा दाणा’ म्हणायचे. काही वर्षांपूर्वी दिवाळीत आईंनी तो दागिना रिठ्याच्या पाण्यात धुतला आणि तेव्हापासून खडा काळवंडत गेला. आता लेकीच्या लग्नासाठी त्याची अंगठी करावी म्हणून तुम्ही खोड सोनाराकडे ठेवून आलात. दुसऱ्या दिवशी त्याने पुडी उघडून दाखवली तर आत पातळ, फिका गुलाबी, जवळजवळ आरपार दिसणारा खडा, आणि सोबत मागून निघालेले काळ्या पापुद्र्याचे तुकडे. तो खडा पेढीच्या दिव्याखाली एक दिसतो, गॅलरीत दुसरा, घरच्या दिव्याखाली तिसराच. खडा बदलला गेला का, याचा खरा रंग कोणता मानायचा आणि अंगठीत तो जुना लाल परत येईल का, हे तुम्हाला हवंय.

तिन्ही प्रश्न एकाच गाठीला बांधलेले आहेत. रंग खड्याच्या पोटात भरून ठेवलेला असतो, असं आपण धरून चालतो. पण खोडात दिसणारा तो लाल तिघांनी मिळून केलेला होता: खडा, त्याच्या मागचा पत्रा आणि समोरून येणारा उजेड. त्यातला एक गडी सोनाराने परवा बाहेर काढला, आणि दुसरा, म्हणजे उजेड, तुम्ही खोलीगणिक बदलताय. म्हणून खडा अनोळखी वाटतोय.

मी २८ वर्षं दागिन्यांचे आराखडे करते. त्यातली पहिली सहा मुंबईत झवेरी बाजारातल्या एका कारखान्यात गेली, जडावकाम, म्हणजे सोन्यात खडे बसवण्याचं काम, करणाऱ्या कारागिरांच्या शेजारी बसून. पुढची सगळी पुण्यात. तुमचा खडा मी पाहिलेला नाही. तो कोणत्या जातीचा आहे, किती जाड आहे, मागचा पत्रा साधा होता की रंगीत, यावर उत्तर थोडं इकडेतिकडे सरकेल, आणि जिथे सरकेल तिथे तसं सांगेन.

आधी ते काळे तुकडे. टाकून दिले नसतील तर जपून ठेवा, कारण त्या दागिन्याची अर्धी गोष्ट त्यांच्यात आहे. जुन्या बंद कोंदणात, म्हणजे मागून बंद असलेल्या बैठकीत, खड्याच्या मागे चकचकीत घासलेला, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ चांदीचा पत्रा घालत. जयपूरकडचे जडिये त्याला डांक म्हणतात. खोडाच्या पोकळीत लाख भरायची, तिच्यावर डांक बसवायचा, त्यावर खडा, आणि मग खड्याच्या कडेने चोख सोन्याच्या पट्ट्या पोलादी हत्याराने दाबत दाबत जायचं. चोख सोनं इतकं मऊ असतं की आच न लावता दाबानेच एकमेकांत मिसळतं. हेच कुंदन. कडा अशी बंद झाली की आत हवा नाही, पाणी नाही, आणि डांक वर्षानुवर्षं आरशासारखा राहतो.

आता उजेडाचा प्रवास बघा. समोरून आलेला किरण खड्यातून मागे जातो, डांकावर आपटतो आणि त्याच खड्यातून पुन्हा आपल्या डोळ्याकडे येतो. दोन मिलिमीटर जाडीचा खडा त्याला चार मिलिमीटर रंग देतो. गुलाबी सरबताचा ग्लास वरून बघा आणि बाजूने बघा. वरून जास्त गडद दिसतं, कारण उजेडाला जास्त सरबतातून यावं लागतं. जडियाने त्या पातळ खड्याला एवढी खोली उसनी मिळवून दिली होती.

पाणी आत गेलं तिथे ही सगळी योजना मोडली. कुंदनाची कडा झिजली असेल किंवा कुठे बारीक फट असेल तर रिठ्याचं पाणी आत शिरतं आणि लवकर बाहेर येत नाही. आतली चांदी काळी पडते, जशी देवघरातली चांदीची वाटी पडते. आरसा गेला, मागे काळा पडदा आला, आणि त्यात शिरलेला उजेड परत येईना. काळवंडला तो डांक, खड्याला काही झालेलं नाही. आईंना याचा दोष देऊ नका. रिठ्याचं पाणी हा सोन्याच्या साध्या दागिन्यांसाठी आपल्याकडचा चांगलाच उपाय आहे. बंद कोंदणाचं आणि मोत्यांचं गणित वेगळं असतं, हे तेव्हा घरात कोणी सांगितलेलं नसतं.

तुमची शंका घरीच बरीचशी तपासता येईल. सकाळी दहा-अकराच्या सुमारास खिडकीपाशी बसा, थेट ऊन नसेल अशा जागी. खडा कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण कोरडा करा. आधी तो पांढऱ्या कागदावर ठेवा, मग काळ्या कापडावर, मग आपल्या तळहातावर. नंतर स्वयंपाकघरातला चांदीसारखा कागद घ्या, चमच्याच्या पाठीने घासून सपाट करा, खड्याच्या आकाराचा तुकडा कापून चमकदार बाजू वर ठेवा आणि त्याच्यावर खडा अगदी चिकटून बसेल असा ठेवा. कडेने उजेड शिरू नये म्हणून बोटांनी झाकून वरून बघा. माझ्या टेबलाशी बसलेल्या कितीतरी जणींचा चेहरा या क्षणी बदललेला मी पाहिलाय. तळहातावर गुलाबी सरबत वाटणारा खडा एकदम भरतो आणि मधोमध निखारा पेटल्यासारखा लाल दिसायला लागतो.

कागदावर ठेवल्यावर तो आजीच्या खड्यासारखा दिसला तर बदलल्याचा संशय बराच कमी होईल. थोडाच सुधारला तर लगेच घाबरू नका. काही वेळा डांकालाही लाल रंग दिलेला असे, आणि मग त्या डाळिंबी रंगातला काही वाटा पत्र्याचा असतो. म्हणून ते तुकडे ठेवा म्हटलं. दहापट भिंगाखाली, जिथे काळेपणा कमी आहे अशा कोपऱ्यात लालसर लेप दिसतो का ते बघायचं. आणखी एक खूण म्हणजे आकार. जुने खडे हाताने घासलेले, क्वचितच पुरते गोल किंवा समान असतात. हा खडा रिकाम्या खोडाच्या घरात, एखाद्या बाजूने वाकडा असेल त्या वाकडेपणासकट, बसतो का? वरच्या कडांवर वापराचे बारीक ओरखडे आहेत का? घर आणि खडा एकमेकांना ओळखत असतील तर तो तिथलाच. यानंतरही मनात किंतु राहिला तर सोनाराशी भांडण्याआधी खडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जयपूरला आयआयजीजे रिसर्च अँड लॅबोरेटरीज सेंटर (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) आहे.

तिथे एक गोष्ट कळेल, तिची आत्ताच मनाची तयारी ठेवा. हे माणिक नसूही शकेल. ते स्पिनेल किंवा गार्नेट असेल (दोन्ही लाल दिसणारी, पण माणकाहून वेगळी खनिजं), काच असेल किंवा भट्टीत केलेलं माणिक असेल. ओग्युस्त व्हेर्नेई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये ज्योतीत माणिक बनवायची रीत जाहीर केली, आणि पुढच्या काही दशकांत असे खडे जगभर पसरले. आजीचा दागिना त्यानंतरचा असेल तर ही शक्यता धरायलाच हवी. नथी आणि कुड्यांमध्ये असे खडे मी पुष्कळदा पाहिलेत, अतिशय निगुतीने जडवलेले. ब्रिटिश राजमुकुटातला ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ म्हणून शतकानुशतकं मिरवलेला खडाही स्पिनेलच आहे. किंमत बदलेल, आराखडा मात्र फारसा बदलणार नाही, कारण आपण रंगासाठी काम करतोय.

दुसरा प्रश्न, खरा रंग कोणता. व्यापारात खडा दिवसाच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीशी, आडोशाला बघायची रीत आहे. आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, आभाळाचा शांत आणि एकसारखा उजेड येतो, म्हणून दोन माणसांना एकाच खड्याबद्दल बोलता येतं. पण तो बोलण्याचा ठराव झाला. दागिना त्या खिडकीत राहणार नाही.

माणकाच्या बाबतीत उजेड फारच मोठी उलथापालथ करतो. माणकाला लाल रंग क्रोमियममुळे येतो. हे क्रोमियम हिरवा उजेड गिळतं, एवढ्यावरच थांबत नाही. उन्हातले अतिनील आणि निळे-हिरवे किरण घेऊन ते स्वतः लाल प्रकाश बाहेर टाकतं. थिओडोर मैमन यांनी १९६० मध्ये पहिला लेसर केला तो कृत्रिम माणकाच्या कांडीतूनच, आणि तो किरण याच लाल प्रकाशाचा होता. म्हणून चांगलं माणिक उन्हात नेलं की आतून पेटल्यासारखं दिसतं. म्यानमारमधल्या मोगोकच्या माणकांचं एवढं नाव झालं त्यामागेही हेच आहे: ती संगमरवरी दगडात तयार झालेली, त्यांच्यात लोह कमी, आणि लोह हे तेज विझवतं. नोटा तपासायचा जांभळा दिवा घरी असेल तर अंधारात खड्यावर धरून बघा. लाल उजळला तर क्रोमियमचा खडा असण्याची शक्यता मोठी. गार्नेट काळोखातच राहील. मात्र भट्टीतलं माणिकही उजळतं, कित्येकदा जास्तच, तेव्हा यावरून अस्सल-नक्कल ठरवू नका.

घरी खडा मरगळलेला दिसतो याचं कारण बहुतेक वेळा छतावरच्या एलईडी दिव्यात असतं. स्वस्त पांढऱ्या एलईडीत निळा उजेड खूप, पिवळा-हिरवा बऱ्यापैकी, आणि गडद लाल अगदी तुटपुंजा असतो. दिव्यात लालच नसेल तर खडा लाल परत कुठून देणार? खोक्यावर सीआरआय ८० लिहिलेलं असतं, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा, पण त्या सरासरीत गडद लाल धरलेलाच नसतो. त्याचा आकडा ‘आर ९’ या नावाने वेगळा असतो, आणि अशा दिव्यांत तो शून्याच्या आसपासही असू शकतो. पेढीवर याच्या उलट. तिथे उबदार, टोकदार झोताचे दिवे बरोबर काउंटरवर सोडलेले असतात, आणि त्या झोतात सगळेच लाल खडे खुलतात. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, मिठाईवाल्याच्या काचेतही दिवा असतोच. पण खडा विकत घेताना तो पेढीच्या दाराशी नेऊन सावलीत बघू द्या, एवढं निःसंकोच सांगावं. मी तर गिऱ्हाइकाला खडा घेऊन रस्त्यापर्यंत नेते.

आजीच्या वेळच्या दागिन्याला मात्र यांतला कुठलाच उजेड ठाऊक नव्हता. बंद कोंदण ही समईच्या आणि कंदिलाच्या उजेडातली कला आहे. समईच्या ज्योतीत लाल-पिवळा भरपूर, निळा अगदी थोडा. उजेड कमी आणि सतत हलणारा. अशा उजेडातला जमेल तेवढा कण पकडून परत फिरवायचा, यासाठी डांक होता. एकदा कारखान्यात दिवे गेले असताना एका कारागिराने पणती लावून जडावाची पेटी तिच्यासमोर हलवून दाखवली होती. विजेच्या झोतात सपाट वाटणारी ती सगळी लाल-हिरवी घरं एकेक करून जागी व्हायला लागली, ज्योत हलली की दुसरं पेटायचं. त्या रात्रीनंतर मी आराखडा काढताना आधी विचारते: हा दागिना कुठे आणि कोणत्या वेळी घालणार?

आता अंगठीकडे येते. इथे माझं मत ठाम आहे: हा खडा अंगठीत घालू नका, निदान हल्लीच्या चार नख्यांच्या उघड्या बैठकीत तर नकोच. उघडी बैठक ज्या खड्यांसाठी असते त्यांची पाठ खोल, नेमक्या कोनात पैलू पाडलेली असते. मागच्या पैलूवर उजेड पुरेसा तिरका पडला तर तो बाहेर न जाता आतच उसळतो आणि वर परततो. हिऱ्याला त्यासाठी सुमारे २४ अंशांचा तिरपेपणा पुरतो, माणकाला ३४च्या पुढे लागतो, पाचूला ३९च्या. तुमचा खडा मागून जवळजवळ सपाट असणार. त्याच्यात समोरून आलेला उजेड मागे सरळ निघून जातो, आणि आपल्याला खड्यातून बोटाची कातडी दिसते. छापील कागदावर खडा ठेवून बघा; मधोमध अक्षरं वाचता आली तर ती खिडकी समजा, तिथून रंग गळतोय.

पुन्हा पैलू पाडून घ्या असं कोणी सुचवेल. पातळ खड्याला खोली देणार कुठून? वजन जाईल, खडा लहान होईल, आणि आजीने पाहिलेला आकार कायमचा संपेल. मी तरी करणार नाही.

अंगठी नको म्हणण्याचं दुसरं कारण रोजच्या जगण्यातलं आहे. हाताला दिवसभर पाणी, साबण, कणीक, क्रीम लागतं. बंद कोंदणात पाणी शिरलं तर काय होतं ते तुम्ही पाहिलंच. आणि उघड्या बैठकीत खड्याच्या मागे चिकट थर बसतो. मागे हवा असताना माणकाला ३४ अंश पुरत होते, तेलाचा थर बसला की तोच आकडा ५५च्या पुढे जातो, म्हणजे जो उजेड उसळून परत यायचा तो आता निसटतो. ‘हिऱ्याचं पाणी गेलं’ म्हणून बायका अंगठी घेऊन येतात, तेव्हा दहातल्या नऊ वेळा मागे कणीक आणि क्रीम असतं. हिरा तर तेलाला विशेष धरून ठेवतो. खाणीत खडीतून हिरे वेगळे करायला ग्रीस लावलेली फळी वापरत, ती याच गुणावर.

बंद कोंदण नेहमीच चांगलं असं मात्र यातून काढू नका. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडून नेमकी हीच चूक झाली. एका बाईंचा सुंदर नीलम होता, साधारण तीन कॅरटचा. खिडकीत पाहिला तेव्हा आषाढातल्या ढगाआडच्या आभाळासारखा. मी त्याला जुन्या धाटणीची, मागून बंद, उंच भिंतींची सोन्याची अंगठी काढली. रेखाटन फार देखणं झालं होतं. स्वागतसमारंभाच्या पिवळ्या दिव्यांत तो नीलम कोटाच्या काळ्या बटणासारखा दिसला. त्या बाई रागावल्या नाहीत, नुसती अंगठी माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, “माझा निळा कुठे गेला?” मला फार लागलं ते. पिवळ्या दिव्यात निळाच कमी, त्यात खडा मुळात गडद, त्यात मी त्याच्या सगळ्या बाजू बुजवलेल्या. पुढे स्वखर्चाने मागे जाळी कापली, भिंती खाली उतरवल्या, तेव्हा कडेने उजेड शिरून निळा परत आला. फिक्या खड्याला पाठीशी आरसा लागतो, गडद खड्याला पाठीशी खिडकी. युरोपात गडद गार्नेटचे घुमटासारखे खडे मागून वाटीसारखे कोरून पातळ करायची जुनी रीत आहे, तीही याच कारणाने.

तर इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: तुमचा खडा फिका आणि पातळ, म्हणून त्याला आरसा हवा, आरशाला कोरडी जागा हवी, म्हणून तो हातावर नको.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. लेकीसाठी छोटं पदक किंवा नवं, हलकं खोड करून घ्या, मागून बंद, २२ कॅरटचं, आणि खडा कुंदनानेच बसवा. हे काम नेहमीचा सोनार करेलच असं नाही. जडावाचा कारागीर शोधा आणि घडणावळ जास्त पडेल हे धरून चाला. डांक चांदीचा की सोन्याचा, हे मात्र खडा हातात घेऊन ठरवायचं. चांदी सगळे रंग जवळजवळ सारखेच परत देते, त्यामुळे गुलाबी खडा गुलाबीच्या अंगाने लाल होतो. सोनं निळा उजेड गिळतं आणि लाल-पिवळा परत देतं, त्यामुळे खडा उबदार, किंचित केशरीकडे झुकलेला दिसतो. शिवाय चोख सोन्याचा पत्रा काळा पडत नाही. डाळिंबाचा दाणा म्हणताय त्याअर्थी तुमच्या आठवणीतला रंग गुलाबीकडचा असावा, म्हणून माझा कल चांदीकडे. पण दोन्ही पत्र्यांवर खडा सुटा ठेवून बघितल्याशिवाय कारागिराला हो म्हणू नका. लाल लेपाचा डांक मी सहसा टाळते. तो रंग एकदा उतरला की डागाडागाने दिसतो.

मग शेजार. रंग शेजारावर किती अवलंबून असतो हे आपल्या जुन्या दागिन्यांना चांगलं माहीत होतं. तन्मणीत लाल खड्याला मोत्यांचे सर, नथीत मोती, लाल आणि मधे एखादा हिरवा ठिपका. फ्रान्समधल्या गोबलॅं कारखान्यात रंगाईचं काम बघणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्ये याचाच अभ्यास मांडला: रंगांची एकमेकांवर सावली पडते, आणि लालाजवळ हिरवा ठेवला की दोन्ही जास्त तीव्र भासतात. तुमच्या पदकात लाल खड्याला बारीक मोत्यांची एक ओळ लावा आणि खाली एकच लहान हिरवा लोलक. हिऱ्यांची चौकट करू नका. हिऱ्यांची चमक इतकी टोकदार असते की तिच्या शेजारी पातळ लाल खडा मुका होतो. लेक शालू कोणता नेसणार तेही विचारा. हिरव्या शालूवर हा खडा खुलेल, राणी रंगावर तो हरवेल.

तिला अंगठीच हवी असेल, आणि अशी हौस असते, तर जुन्या खोडात मधल्या खड्याभोवती जे लहान लाल खडे असतील त्यांतला एखादा सोन्याच्या बंद, आतून चकचकीत घासलेल्या वाटीत बसवा. डांक नको, वाटीच आरशाचं काम करेल. सणासमारंभाला घालायची आणि हात धुण्याआधी काढायची.

एक सावधगिरी. या धांदलीत कुणी म्हणेल, “हा जुना कशाला, याच भावात मोठं लालभडक माणिक देतो.” असं मोठं, स्वस्त आणि तरीही झगझगीत माणिक पुढे आलं की बहुतेकदा त्याच्या भेगांत शिशाची काच भरलेली असते. साधारण २००४ पासून असे खडे बाजारात फार आलेत. भिंगाखाली खडा हलवला की भेगांतून निळसर झळक दिसते. सोनाराच्या ज्योतीने आणि आम्लाने ती काच खराब होते, पुढे दुरुस्तीसुद्धा धड करता येत नाही. स्पष्ट लेखी प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका.

आता लगेच करायच्या गोष्टी. खड्याचं वजन कॅरटमध्ये, दोन दशांशांपर्यंत, लिहून घ्या आणि खडा ज्या कारागिराकडे द्याल त्याची सही घ्या. पुढून, मागून आणि भिंगातून फोटो काढा. आतल्या रेषा आणि ठिपके खड्याचे बोटांचे ठसेच असतात, परत आल्यावर जुळवता येतात. रिकामं खोड वितळवायला देऊ नका, त्याच्या घराच्या मापावरूनच नवं कोंदण नीट बसेल. आणि कारागीर डांक लावून दाखवेल तेव्हा, कुंदन दाबण्याआधी, त्याच्याकडून एक संध्याकाळ मागून घ्या. खडा डांकासकट घरी आणा, छतावरचा दिवा बंद करून देवघरातल्या समईपाशी धरा, आणि आईंना शेजारी बसवून विचारा, हाच होता का? तो रंग त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. त्या हो म्हणाल्या की मगच कडा बंद करायला सांगा.